नियम आधी स्वतःला

ऑगस्ट 2020, कोरोनाची साथ. गणपतीला निघालेला चाकरमानी ई-पास हातात धरून कशेडी घाटातल्या तपासणी नाक्यावर रांगेत उभा होता. गावी पोहोचल्यावर दहा दिवस विलगीकरण. कुणी शाळेच्या वर्गात अंथरूण टाकले. डबा फाटकाशी ठेवून आई लांबूनच बोलली. लग्नाला पन्नास माणसे, अंत्यविधीला वीस. रत्नागिरीकरांनी हे सोसले, कारण त्यामागचे कारण त्यांना पटले होते.

नेत्यांना ते पटलेले दिसले नाही. 21 फेब्रुवारी 2021 रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राजकीय गर्दीवर बंदी जाहीर केली. 23 तारखेला त्यांच्याच मंत्रिमंडळातले संजय राठोड पोहरादेवीला गेले आणि हजारोंची गर्दी उसळली. ऑगस्टमध्ये, तिसऱ्या लाटेचे इशारे सुरू असताना, केंद्रीय मंत्री नारायण राणे यांची जनआशीर्वाद यात्रा निघाली. मुंबईत नियमभंगाचे गुन्हे दाखल झाले, तरी यात्रा आपल्या रत्नागिरी जिल्ह्यापर्यंत आली. पक्ष वेगळे, वागणे एकच.

ब्रिटनमध्ये टाळेबंदीतील मेजवानीबद्दल खुद्द पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना एप्रिल 2022 मध्ये पोलिसांनी दंड केला. आपल्याकडेही पावती खुर्ची पाहून फाडली जाऊ नये. ज्याच्यासाठी गर्दी जमते, त्या नेत्याच्या नावावर आधी गुन्हा नोंदवला पाहिजे. लोकांचा राग नियमांवर नव्हता, दुजाभावावर होता. पुढची साथ आली, तर लोक आदेशाआधी आदेश देणाऱ्याकडे पाहतील.