उपदेश वेबसाईटवर टाकण्याविषयी थोडंसं

चर्चमधला रविवारचा उपदेश इंटरनेटवर टाकावा की टाकू नये, हा वाद आता संपल्यात जमा आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि महाराष्ट्रातली देवळं, मशिदी, चर्च सगळंच बंद झालं. उघडलं ते १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. पुढच्या वर्षी पुन्हा कुलूप लागलं, ते ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी निघालं. ज्यांनी जन्मात कधी कॅमेऱ्याकडे बघून चार वाक्यं बोलली नव्हती, असे पाळकसाहेबही त्या दिवसांत खुर्चीला मोबाईल टेकवून उपदेश देऊ लागले. सवय लागली ती लागलीच. प्रश्न उरतो तो कसं टाकायचं याचा, आणि माझं स्पष्ट मत आहे की आपण फार हयगयीनं टाकतो.

होतं काय, तर दोन तासांची अख्खी उपासना यूट्यूबवर चढते. नाव दिलेलं असतं ‘रविवारची उपासना लाइव्ह’. मागच्या रविवारचंही तेच, पुढच्या रविवारचंही तेच. लिंक व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जाते, वीसेक जण हात जोडल्याचं चित्र पाठवतात आणि संध्याकाळपर्यंत ती ‘शुभ रात्री’च्या ढिगाऱ्याखाली गाडली जाते. सहा महिन्यांनी पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या एखाद्या पोराला वाटलं, की आई गेली त्या आठवड्यात पाळकसाहेब ईयोबावर जे बोलले होते ते पुन्हा ऐकावं, तर त्यानं कुठं शोधायचं?

आमच्या मेहकर भागाला बोललेल्या शब्दाचं मोल नवं नाही. शारंगधर बालाजीच्या या गावात कीर्तन-प्रवचन ऐकतच माणसं मोठी होतात. बुलडाणा-वाशीम पट्ट्यात नाझरीन मिशनचं काम जुनं आहे. वाशीमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल त्यातूनच उभं राहिलं. आणि आमच्याच तालुक्यात हिवरा आश्रमला दरवर्षी विवेकानंद जयंतीला लाखभर माणसं पुरी आणि वांग्याच्या भाजीच्या पंगतीला बसतात, व्याख्यानं ऐकतात. या विवेकानंदांचंच बघा ना. ते बोलायचे उत्स्फूर्त, समोर कागद नाही. १८९५ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या शिष्यांनी गुडविन नावाचा एक तरुण इंग्रज लघुलेखक पगारावर नेमला. थोड्याच दिवसांत तो पगार नको म्हणाला आणि सावलीसारखा त्यांच्याबरोबर राहिला. दिवसभर टिपायचं, मग ते सगळं टंकलेखन करून काढायचं. ‘कर्मयोग’ आज हातात घेता येतो तो या माणसाच्या बोटांमुळे. १८९८ मध्ये उटीला तो वारला, तिशीही गाठली नव्हती.

आता दुसरं उदाहरण, आपल्या वऱ्हाडातलंच. गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनं केली, किती केली याची मोजदाद नाही. पण त्यांच्या आवाजात आज आपल्याकडे काय आहे? मुंबईत वांद्र्याला पोलिसांपुढे ८ नोव्हेंबर १९५६ ला झालेलं कीर्तन. दीड महिन्यातच, २० डिसेंबरला बाबा गेले. ते ध्वनिमुद्रण ऐकाल तर कळेल की बाकीचं सगळं वाऱ्यावर गेलं म्हणजे नेमकं काय गेलं. बाबा प्रश्न विचारतात, समोरचे उत्तर देतात, त्या उत्तरावर पुढचं वाक्य उभं राहतं. कुणीतरी त्या रात्री यंत्र लावलं म्हणून एवढं तरी हाती आहे. तारीख आणि ठिकाण माहीत आहे म्हणून त्याचा अर्थही लागतो.

तर मुद्दा हा. उपदेश कॅमेऱ्यात पकडणं आज फुकट झालंय, पण गुडविनचं काम अजूनही कुणीतरी करावंच लागतं. त्याला साधनंही आहेत. वर्डप्रेससारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर खास उपदेशांसाठी जोडण्या मिळतात. कोण बोललं, कधी, बायबलमधला शास्त्रभाग कोणता, कोणत्या मालिकेतला, असे रकाने त्यात तयार असतात. ते भरले की लूकच्या पंधराव्या अध्यायावरचे सगळे उपदेश एका टिचकीसरशी समोर येतात. सोबत नुसता आवाज वेगळा काढून ठेवावा. खेड्यातल्या नेटवर तो व्हिडिओपेक्षा कितीतरी लवकर उतरतो. आणि निदान पानभर मराठी मजकूर लिहावाच. ज्याला नीट ऐकू येत नाही त्याला तो वाचता येतो, आणि शोधणाऱ्यालाही अक्षरंच लवकर सापडतात.

यावर एक आक्षेप रास्त आहे. उपदेश हा समोर बसलेल्या मंडळीसाठी असतो. गावात नापिकी झालीय, कुणाच्या घरी तरुण पोर गेलंय, हे जाणून पाळक बोलतो. तेच वाक्य कापून दहा सेकंदांत फिरवलं की भलताच अर्थ निघतो. कीर्तनातल्या एकेका वाक्यावरून आपल्याकडे केवढं काहूर उठतं ते आपण पाहिलंय. पण माझ्या मते यावर उपाय लपवणं हा नाही. दुसऱ्यानं कापलेला तुकडा फिरण्याआधी अख्खा उपदेश, तारखेसह आणि प्रसंगासह, मंडळीच्या स्वतःच्या पानावर असला पाहिजे. म्हणजे शंका आली तर ताडून बघायला जागा राहते.

मात्र काही गोष्टी कापायलाच हव्यात, आणि याबाबत मी हट्टी आहे. उपासनेत प्रार्थनेसाठी नावं घेतली जातात. अमक्याच्या गाठीचं ऑपरेशन, तमकीचं मोडलेलं लग्न, कुणाचं सुटत नसलेलं व्यसन. चार भिंतींत ती माया असते. इंटरनेटवर तीच चव्हाट्यावरची बातमी होते, आणि उद्या सोयरीक जुळवताना कुणीतरी ती उघडून बघतं. उपदेश जगाचा, पण प्रार्थनेतली नावं त्या मंडळीचीच. तेवढी दहा मिनिटं वगळायला कितीसा वेळ लागतो?

शेवटचं, प्रती. फादर स्टीफन्सनं मराठीत रचलेलं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ ला छापलं गेलं, पुढे १६४९ आणि १६५४ ला पुन्हा छापलं. त्या तिन्ही छपायांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ वाचला तो भाविकांनी हातानं उतरवून ठेवलेल्या प्रतींमुळे. त्यांवरूनच तो १९०७ मध्ये मंगळूरला पुन्हा छापला. म्हणून सगळा भार एका यूट्यूब चॅनेलवर टाकू नये. खातं बंद झालं, पासवर्ड ठेवणारा पोरगा मुंबईला गेला, की वीस वर्षांचे रविवार एका दिवसात नाहीसे. ज्याला हवं त्याला उतरवून घेऊ द्यावं, आणि एक प्रत चर्चच्या कपाटातही असावी.

खर्च म्हणाल तर वर्षाचे काही हजार रुपये. त्याहून महाग आहे ते मराठी टंकलेखन येणारं, दर सोमवारी दोन तास देणारं एक माणूस. मोठा स्पीकर घ्यायचा ठराव पुढच्या बैठकीत येईलच, तेव्हा या माणसाचाही विषय काढून बघा.