डॉल्बीचा गोंगाट आणि डबलबारीचा न्याय

गणेशोत्सवाच्या दिवसांत मालवण-कुडाळकडच्या एखाद्या वाडीत डबलबारी रंगली, की मांडवातल्या साध्या श्रोत्याच्या अंगी न्यायाधीशाचा अधिकार आपोआप येतो. दोन बुवा समोरासमोर बसतात. एकाने सवाल टाकावा, दुसऱ्याने जबाब द्यावा, पखवाज व झांज यांनी दोघांचीही परीक्षा पाहावी आणि उजाडता उजाडता श्रोत्यांनी मनाशी कौल द्यावा, असा हा क्रम आहे. या न्यायात एक गोष्ट गृहीत असते. एका बुवाचा ध्वनिक्षेपक दुसऱ्याहून चढवून ठेवला असेल, तर तो सामना सामनाच राहत नाही. मोठा आवाज हा चांगल्या गाण्याचा पुरावा नव्हे, हे वाडीतल्या जाणत्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

हाच साधा न्याय जगभरच्या ध्वनिमुद्रण-व्यवसायाला मात्र गेली तीस वर्षे अवघड झाला आहे. कर्कश व दाबून भरलेल्या आवाजासाठी कुप्रसिद्ध झालेले रॉक संगीताचे आल्बम आता श्रोत्याच्या चहूबाजूंनी ध्वनी खेळविणाऱ्या ‘सराउंड’ स्वरूपात नव्याने मिसळून विकले जात आहेत. ही नवी मिश्रणे चांगली की वाईट, हे कोणत्या कसोटीवर ठरवावे? प्रश्न परदेशी संगीताचा आहे, म्हणून तो कोकणाच्या दाराबाहेरचा आहे असे कोणी समजू नये.

प्रथम डॉल्बी या शब्दाकडे पाहू. महाराष्ट्रात आज हा शब्द मिरवणुकीतल्या कर्ण्यांच्या भिंतीसाठी वापरला जातो. ज्या रे डॉल्बी यांच्या नावावरून तो आला, त्यांनी १९६५ साली लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली ती मात्र गोंगाट कमी करण्यासाठी. चुंबकीय फितीवर सतत ऐकू येणारी सळसळ घालविणे हे त्यांचे उद्दिष्ट होते. त्यांची युक्ती अशी, की ध्वनिमुद्रण करताना हळू आवाज तेवढे वर उचलायचे आणि ऐकविताना ते त्याच प्रमाणात पुन्हा खाली आणायचे. त्या खाली येण्याबरोबर फितीची सळसळही खाली जाते आणि संगीत मूळ उंचीवर राहते. थोडक्यात, ध्वनीतील चढउतार काही काळ आखडून घ्यायचे आणि शेवटी ते ज्याचे त्याला परत करायचे, असा हा प्रामाणिक व्यवहार होता.

पुढच्या काळात बिघडला तो हाच व्यवहार. ध्वनीतील चढउतार आखडून घेण्याच्या क्रियेला तंत्रज्ञ ‘कॉम्प्रेशन’ म्हणतात. मोठा आवाज थोडा दाबायचा, मग सबंध गाणे वर उचलायचे. परिणामी कुजबुज आणि आरोळी यांतील अंतर कमी होते आणि गाणे एकूण मोठे वाटते. दोन सारख्याच ध्वनींपैकी किंचित मोठा असलेला मानवी कानाला अधिक भरीव वाटतो. आवाजाची पातळी बदलली की खर्जाचे व टिपेचे स्वर कानाला वेगळ्या प्रमाणात भासतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच दाखवून दिले होते. शेजारच्या गाण्यापेक्षा आपले गाणे मोठे वाजावे, या चढाओढीत १९९० नंतर या दुबळेपणाचा पुरेपूर फायदा घेण्यात आला. सीडीत सुमारे ९६ डेसिबल इतक्या अंतराचे चढउतार मावू शकतात. एवढे प्रशस्त घर हाती असताना निर्माते सगळे बिऱ्हाड माळ्यावर कोंबून राहू लागले. घेतलेले चढउतार परत करण्याची सोय या व्यवहारात ठेवलेलीच नव्हती.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे मेटॅलिका या वाद्यवृंदाचा २००८ सालचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा आल्बम. त्याचा आवाज इतका चेपलेला होता, की तो फाटल्यासारखा ऐकू येतो अशी तक्रार खुद्द चाहत्यांनी केली आणि हजारोंनी सह्या करून तो नव्याने मिसळण्याची मागणी केली. पुढे लक्षात आले ते अधिक उद्बोधक होते. हीच गाणी ‘गिटार हिरो’ या खेळासाठी देताना वाद्यांचे आवाज सुटे दिले गेले होते, आणि खेळातली गाणी विकत घेतलेल्या सीडीपेक्षा मोकळी ऐकू येत होती. संगीताचा प्राण गेलेला नव्हता. तो सुट्या फितींत शाबूत होता. चेपले गेले होते ते फक्त शेवटचे पुडके.

सराउंड मिश्रणांविषयीची आशा नेमकी येथे उभी राहते. चहूबाजूंनी ध्वनी ही कल्पना नवी नाही. १९७०च्या दशकाच्या आरंभी चार कर्ण्यांची ‘क्वाड्राफोनिक’ पद्धत आली आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या पद्धतींच्या भांडणात दशक संपता संपता मावळली. शतकाच्या अखेरीस नव्या तबकड्यांबरोबर ती परतली, आणि जून २०२१ पासून ॲपलच्या संगीतसेवेने डॉल्बी ॲटमॉस ही पद्धत सामान्य श्रोत्यापर्यंत नेली. या पद्धतीत गाण्याची सरासरी तीव्रता उणे १८ एलयूएफएस या मापाच्या वर जाऊ नये, असे बंधन आहे. गर्दीच्या काळातील अनेक रॉक सीडी या मर्यादेच्या कितीतरी वर होत्या. आता ओरडून शेजाऱ्यावर मात करण्याची सोयच उरली नाही. ज्या डॉल्बीच्या नावाने आपल्याकडे भिंती हादरतात, त्याच डॉल्बीने आवाजाला कुंपण घालावे, हा काळाने घेतलेला सूड म्हणावा लागेल.

तथापि कुंपण घातले म्हणजे बाग फुलली असे होत नाही. नव्या मिश्रणाचा निवाडा करताना निदान चार गोष्टी पाहिल्या पाहिजेत.

पहिली कसोटी डबलबारीचीच. जुने व नवे मिश्रण एकाच पातळीवर आणून ऐकल्यावाचून तुलना करू नये. सराउंड मिश्रण बहुधा हळू वाजते. तेव्हा घाईचा श्रोता त्याला मिळमिळीत ठरवितो. उलट कर्ण्यांची संख्या जास्त म्हणून आवाज चढविला, तर तेच मिश्रण दिव्य वाटते. हे दोन्ही निकाल रद्दबातल समजावेत.

दुसरी गोष्ट अशी, की इजा कोठे झाली ते तपासावे. चढउतार शेवटच्या टप्प्यात, म्हणजे पक्क्या प्रतीवर चेपले गेले असतील, तर सुट्या फितींकडे परत जाऊन दुरुस्ती होऊ शकते. वाद्ये मुद्रित होतानाच चेपली गेली असतील, तर मात्र कर्णे पाच लावले काय आणि अकरा लावले काय, चेपलेलेच चोहीकडून ऐकू येईल. जुन्या दोन कर्ण्यांच्या पक्क्या मिश्रणालाच यंत्राने फाडून चहूकडे फेकणे, हा तर निव्वळ देखावा होय. कढीत मीठ जास्त पडले, तर ती चार वाट्यांत वाढल्याने अळणी होत नाही.

तिसरी कसोटी आकड्यांविषयी सावध राहण्याची. चढउतार मोजणारी साधने आता कोणालाही उपलब्ध आहेत, आणि सराउंड मिश्रणाचा आकडा सहसा चांगलाच येतो. परंतु जो आवाज पूर्वी दोन वाटांनी जाई, तो सहा वाटांनी वाटला गेला की प्रत्येक वाटेवर गर्दी कमी दिसणारच. तेवढ्यावरून गाणे मोकळे झाले असे मानणे म्हणजे रांगा वाढविल्या म्हणून जत्रेतील माणसे कमी झाली असे समजण्यासारखे आहे.

चौथी कसोटी सर्वांत नाजूक आहे. रॉक संगीतात दाटी हा नेहमीच दोष नसतो. विद्युत गिटारचा फाटका ध्वनी हा मुळातच चढउतार आखडून मिळविलेला असतो. भिंतीसारखा एकवट अंगावर येणे हा त्या कलेचा हेतू असतो. सगळी वाद्ये चार कोपऱ्यांत नीटनेटकी मांडून ठेवली आणि तो एकवट मारा नाहीसा झाला, तर गाणे स्वच्छ झाले पण सैन्य पांगले, असे म्हणावे लागेल. शिवाय मूळ कलावंताने हात घातला म्हणजे सुधारणा झालीच असेही नाही. १९७३ सालच्या ‘रॉ पॉवर’ या आल्बमचे १९९७ साली खुद्द गायक इगी पॉप याने फेरमिश्रण केले, ते मूळापेक्षाही कितीतरी कर्कश निघाले. याउलट कॅनडाच्या रश या वाद्यवृंदाला आपल्या २००२ सालच्या ‘व्हेपर ट्रेल्स’चा चेपलेला आवाज बोचत राहिला आणि २०१३ साली त्यांनी तो सबंध आल्बम दुसऱ्याकडून नव्याने मिसळून घेतला. ही दोन्ही फेरमिश्रणे दोनच कर्ण्यांसाठी होती. म्हणजे तारक-मारक कर्ण्यांची संख्या नाही; त्यामागचा विवेक आहे.

आता या सर्वांचा सिंधुदुर्गाशी संबंध काय? संबंध आहे आणि तो निकडीचा आहे. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रांत पालखी फिरली की मध्यरात्रीनंतर दशावतार उभा राहतो. गणपती, संकासुर यांच्या पूर्वरंगानंतर आख्यान लागते आणि ते पहाटेपर्यंत चालते. त्या प्रयोगाला छापील संहिता नसते. संवाद नट तेथल्या तेथे रचतो. संकासुराची थट्टा, बाजूला बसलेल्यांची पायपेटी, पखवाज आणि झांज, मागून उठणारा प्रेक्षकांचा हशा, या सर्वांच्या मधोमध श्रोता बसलेला असतो. चहूबाजूंचा ध्वनी म्हणून परदेशात जे विकले जाते, ते देवळाच्या प्रांगणात पिढ्यान्‌पिढ्या फुकट मिळत आले आहे. संहिता नसल्यामुळे प्रत्येक प्रयोग एकदाच जन्मतो. तो टिकायचा तर ध्वनिमुद्रणातच टिकेल.

आणि हे ध्वनिमुद्रण आज कसे होते? बहुधा मोबाईल फोनवर, कर्ण्याच्या समोर उभे राहून. कर्ण्यातून येणारा आवाज आधीच चढविलेला असतो. फोनमधील स्वयंचलित यंत्रणा तो पुन्हा दाबते आणि शांत क्षण आले की वर उचलते. म्हणून राजाची गर्जना व राणीचा विलाप एकाच उंचीचे होतात आणि दोन वाक्यांमधली शांतता सळसळीने भरून जाते. या चित्रफिती मुंबईतील आणि आखातातील मालवणी माणसाला गावाशी बांधून ठेवतात, हे मोल कोणी कमी लेखू नये. परंतु तीच एकमेव प्रत उरली, तर पन्नास वर्षांनी कोणीही, कितीही कर्णे लावून, त्यातून दशावतार बाहेर काढू शकणार नाही. मेटॅलिकाच्या सुट्या फिती तरी होत्या. येथे सुटे असे काही उरतच नाही.

यावर एक आक्षेप न्याय्य आहे. एस.टी.च्या खडखडाटात किंवा इंजिन चालू असलेल्या होडीत हळू आवाज ऐकूच येत नाही. अशा श्रोत्याला दाबून मोठा केलेला आवाजच उपयोगी पडतो. खरे आहे. पण ती सोय ऐकणाऱ्याच्या यंत्रात असावी, मूळ प्रतीत नव्हे. मीठ ताटात वरून घेता येते. पातेल्यात पडलेले काढता येत नाही.

म्हणून दशावतारी मंडळे, जत्रांच्या देवस्थान समित्या आणि जिल्ह्यातील महाविद्यालये यांनी एवढे तरी करावे. मोसमातील निवडक प्रयोग मुद्रित करताना नट, पायपेटी, पखवाज व झांज यांचे आवाज सुटे घ्यावेत. प्रेक्षकांसाठी एक ध्वनिग्राहक वेगळा ठेवावा. पातळी इतकी खाली ठेवावी की मोठ्यात मोठी आरोळीही फाटणार नाही. आणि त्या सुट्या प्रती कोणतीही कारागिरी न करता जपाव्यात. यासाठी लागणारी साधने आज दुर्मिळ नाहीत. दुर्मिळ आहे तो आग्रह. मिश्रण आज एका पद्धतीचे होईल, उद्या दुसऱ्या. पुढची पिढी त्याचा निवाडा आपल्या कानांनी करील. तो निवाडा करण्याजोगे काही तिच्या हाती ठेवणे, हे मात्र आजच्या पिढीचेच काम आहे. आणि रात्रभर गाजलेले आवाज एकेक करून निवृत्त होत असताना त्यास फार अवधी उरलेला नाही.