आखातात घरचं माणूस आहे? मग आजच एवढं करा



आपल्या नायगावात आखात म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. उमेळ्यात, कोळीवाड्यात, जुचंद्रमध्ये, पूर्वेच्या नव्या सोसायट्यांत कुणाचा मुलगा दुबईला आहे, कुणाची सून कुवेतला, कुणाचा भाऊ जहाजावर. तिकडे युद्धाची बातमी आली की इथे घास घशाखाली उतरत नाही. काळजी वाटणारच. पण काळजीच्या रात्री हाताशी काय असेल, हे आपण आधीच्या शांत दिवसांत काय करून ठेवलं यावर ठरतं.

23 जून 2025 ची रात्र आठवा. इराणनं कतारमधल्या अल उदैद तळावर क्षेपणास्त्रं डागली आणि कतार, अमिराती, कुवेत, बहरीन यांनी काही तास आपलं आकाश बंद केलं. विमानं अर्ध्या वाटेवरून वळवावी लागली. त्याच वर्षी 9 सप्टेंबरला इस्रायलनं थेट दोहा शहरात हल्ला केला. जी शहरं आपण सुरक्षित धरून चाललो होतो, त्यांचीही आता खात्री देता येत नाही.

जुन्या लोकांना 1990 चा ऑगस्ट माहीत आहे. इराकनं कुवेत गिळलं, दिनारला किंमत उरली नाही, आणि आपली माणसं बगदादमार्गे जॉर्डनपर्यंत रस्त्यानं पोचली. अम्मानहून एअर इंडियानं दोन-अडीच महिन्यांत सुमारे 1 लाख 70 हजार भारतीयांना घरी आणलं. 2015 मध्ये येमेनमधून, 2023 मध्ये सुदानमधून सरकारनं अशीच माणसं सोडवून आणली. सरकार येतं, पण आपलं माणूस कुठे आहे हे त्याला माहीत असावं लागतं. म्हणून पहिलं काम: तिथल्या भारतीय दूतावासात नाव, पत्ता, फोन नंबर नोंदवायला लावा. पासपोर्ट, व्हिसा, तिथलं ओळखपत्र आणि नोकरीचा करार यांच्या प्रती घरात एका फाइलमध्ये ठेवा, फोनमध्येही ठेवा. कंपनीचं नाव, राहण्याची जागा आणि सोबत राहणाऱ्या एखाद्याचा नंबर घरातल्या दोघांना तरी ठाऊक असू द्या. पासपोर्ट मालकाच्या कपाटात असेल, तर तो मागून घ्यायला सांगा. ऐन वेळी मालकच पळालेला असू शकतो.

दुसरं, तिथल्या राजकारणाचं. आपली माणसं तिथे वीस वर्षं राबली तरी त्यांना मत नाही. 10 मे 2024 ला कुवेतच्या अमिरांनी निवडून आलेली संसदच बरखास्त केली आणि घटनेतली काही कलमं चार वर्षांपर्यंत स्थगित ठेवली. तिथल्या नागरिकाची ही गत, तर परक्या कामगाराला कोण विचारणार? 1 जुलै 2025 पासून कुवेतमधल्या खासगी कंपन्यांतल्या परदेशी कामगाराला देशाबाहेर पडायला मालकाची परवानगी लागते. असे नियम वेळच्या वेळी कळून घ्या. ती परवानगी कशी काढायची, हे सुट्टीच्या आधी नव्हे, आजच विचारून ठेवायला सांगा.

तिसरं, तोंड आणि फोन सांभाळा. 2020 च्या एप्रिलमध्ये धर्माविरुद्ध गरळ ओकणाऱ्या पोस्टमुळे अमिरातीत काही भारतीयांच्या नोकऱ्या गेल्या. आपल्याच राजदूतांना जाहीर समज द्यावी लागली. इथे सोसायटीच्या ग्रुपवर आलेला विखारी मजकूर पुढे पाठवताना तो आपल्याच पोराच्या फोनवर उघडणार आहे, हे ध्यानात ठेवा. तिथे अफवा पसरवणं हाही गुन्हा आहे. आकाशात काही दिसलं तर चित्रीकरण करून टाकू नकोस, असं त्याला बजावून सांगा. आणि आपणही दूतावासाची सूचना येईपर्यंत ‘अमुक ठिकाणी बॉम्ब पडला’ हे कुणाला पाठवू नका. त्या बातमीनं शेजारच्या घरातली म्हातारी रात्रभर जागी राहते.

चौथं, नव्यानं जाणाऱ्यांसाठी. ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिथे नोकरी लावतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. एजंट नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर फुकट तपासता येतं. त्याला 30 हजार रुपये आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेण्याचा अधिकार नाही. दहावी न झालेल्यांना आखाती देशांत नोकरीला जाताना सरकारी मंजुरी लागते. तिच्यासोबत प्रवासी भारतीय बीमा योजनाही येते. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये आणि कर, संरक्षण 10 लाखांचं. ही मंजुरी म्हणजे कटकट समजून ती चुकवू नका. अडचण आली तर 1800113090 हा मदतीचा नंबर लिहून ठेवा.

पाचवं, पैशाचं. पूर्वेला फ्लॅट घेतला, हप्ता आखातातल्या पगारावर चालतो, अशी घरं आपल्यात पुष्कळ आहेत. किमान चार महिन्यांचे हप्ते वेगळे काढल्याशिवाय नवं कर्ज घेऊ नका. पगार अडकला तरी घर हातचं जाऊ नये.

शेवटची विनंती सगळ्यांना. तिथे आपल्याला मत नाही, इथे आहे. मत मागायला जो कुणी दारात येईल, त्याच्याकडे एक मागणी करा: परदेशी नोकरीला जाणाऱ्यांचे कागद तपासून देणारा जाणकार माणूस महिन्यातून एक दिवस नायगावात बसला पाहिजे. चर्च, मंदिर, मशीद, मच्छीमार सोसायटी, कुणीही जागा द्यावी. आणि ही मागणी पुरी होईपर्यंत थांबू नका. येत्या रविवारी आपल्या माणसाला फोन लावाल, तेव्हा खुशाली विचारून झाली की पुढचा प्रश्न विचारा: ‘दूतावासात नाव नोंदवलंस का?’