खाते बंद झाले. आता दाद कुठे मागायची?

गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्यातल्या एका उर्दू शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे सोशल मीडियावरचे खाते एका सकाळी अचानक बंद झाले. खाते काही राजकीय नव्हते. दहावीनंतर काय, शिष्यवृत्तीचे अर्ज कधी सुटले, उत्पन्नाच्या दाखल्याला काय काय लागते, वसतिगृहात जागा आहेत का, एवढेच त्यावर असायचे. मोबाइल उघडला तर एकच ओळ: तुमचे खाते आमच्या नियमांत बसत नसल्यामुळे बंद केले आहे. कोणता नियम, कुठली पोस्ट, काही खुलासा नाही.

मोहल्ल्यात लगेच चर्चा सुरू झाली. कुणी म्हणाले, "आपली नावं बघून बंद केलं." कुणी म्हणाले, "विरोधकांनी रिपोर्ट मारले." एका ओळखीच्या इसमाने तर भावच सांगितला, "३००० रुपये द्या, कंपनीत आपला माणूस आहे, दोन दिवसांत चालू." शेवटी अर्ज लिहायचा म्हणून प्रकरण आम्हा मास्तरांकडे आले.

शोधता शोधता कारण सापडले ते भलतेच. मागे कधीतरी प्रोफाइलची माहिती नीट करताना पोरांनी जन्मतारखेच्या रकान्यात मंडळाच्या स्थापनेची तारीख टाकली होती, २०१४ सालची. १३ वर्षांखालच्या मुलाला खाते ठेवता येत नाही, हा बहुतेक मोठ्या कंपन्यांचा नियम आहे. यंत्राच्या हिशेबाने आमचे मंडळ म्हणजे शाळकरी लेकरू ठरले आणि खाते गेले! खुलासा, ओळखपत्र, पुन्हा खुलासा, असे करत १९ व्या दिवशी ते परत आले. पण त्या १९ दिवसांत शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपून गेली. त्या खात्यावरच भिस्त ठेवून बसलेल्या दोन मुलींचे अर्ज राहिले. एकीचे वडील हमाली करतात. म्हणून हा विषय किरकोळ समजू नये, असे आम्हाला वाटते.

पहिली गोष्ट, वाचकहो, सगळी बंद खाती सारखी नसतात. आपण स्वतः तात्पुरते बंद केलेले फेसबुक किंवा इन्स्टाग्राम खाते पुन्हा लॉगिन केले की उघडते. मात्र फेसबुकवर 'कायमचे हटवा' निवडले असेल तर विचार बदलायला ३० दिवस मिळतात. एक्सवर म्हणजे जुन्या ट्विटरवर खाते आपणच बंद केले तरी ३० दिवसांत परतावे लागते, नाहीतर ते जाते. कंपनीने बंद केले असेल तर अपील करावे लागते. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर त्यासाठी १८० दिवसांची मुदत आहे. व्हॉट्सअ‍ॅपने नंबरवर बंदी घातली तर अ‍ॅपमध्येच फेरविचाराची विनंती करता येते. आणि खाते चोराने बळकावले असेल तर प्रकरण गुन्ह्याचे होते. त्यात पैशांची फसवणूक असेल तर १९३० वर लगेच फोन करावा, बाकी तक्रार सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर करावी. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली गुन्हा आहे. आपले दुखणे यातले नेमके कुठले, हे न बघता लोक धावपळ करतात आणि मुदत निघून जाते.

आता "आपली नावं बघून" या तक्रारीविषयी. ती उगाच आहे असे आम्ही म्हणणार नाही. यंत्राला भाषा कळते, पण संदर्भ कळतोच असे नाही. 'शहीद' हा शब्द घ्या. मराठी वर्तमानपत्रात जवान शहीद होतो, आमच्या वर्गात आम्ही परमवीरचक्र विजेते शहीद अब्दुल हमीद यांचा धडा शिकवतो. पण फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने ज्यांना धोकादायक ठरवले आहे, अशा व्यक्तीसाठी हा शब्द वापरला की पोस्ट काढायची, असे तिचे धोरण होते. मग ती पोस्ट बातमी असो की टीका. मेटाच्याच निर्णयांचा फेरविचार करणाऱ्या ओव्हरसाइट बोर्डाने मार्च २०२४ मध्ये सांगितले की मेटाच्या व्यासपीठांवर इतर कुठल्याही एका शब्दापेक्षा या शब्दामुळे जास्त मजकूर काढला जातो आणि ही सरसकट बंदी थांबवावी. नंतर कंपनीने आपली पद्धत बदलायचे मान्य केले. म्हणजे अन्याय होतो, हे खरे. पण तो दूर झाला तो मुद्देसूद मांडणीने, निव्वळ संतापाने नव्हे. आमच्या मंडळाच्या बाबतीत तर चूक आमचीच निघाली.

दुसरी अडचण आपल्या कागदांची आहे. अपील केले की कंपनी ओळखपत्र मागते आणि खात्यावरचे नाव त्याच्याशी जुळवते. इथे आपली फार पंचाईत होते. एकाच माणसाचे आधारवर 'मोहम्मद', शाळेच्या दाखल्यावर 'मो.', पॅन कार्डावर 'एमडी'. 'शेख' इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेले. बाईचे लग्नाआधीचे नाव एका कागदावर, नंतरचे दुसऱ्यावर. आणि खात्यावर यातले काहीच नाही, नुसते 'गुड्डू भाई'! समोरचा तपासणारा, मग तो माणूस असो की यंत्र, हे सगळे एकाचेच नाव कसे समजणार?

मग कायदा काय देतो? २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमायला लावला. ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपनीचा हा अधिकारी भारतात राहणाराच हवा. तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची, हेही नियमातच आहे. निकालाला मूळ नियमांत १५ दिवसांची मुदत होती. मोठ्या कंपनीने स्वतःहून मजकूर काढताना कारण कळवावे आणि आपली बाजू मांडायची संधी द्यावी, असेही त्यात आहे. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने पुढची पायरी आली, ती तक्रार अपील समितीची. अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत या समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. त्यासाठी मुंबई-दिल्लीला जावे लागत नाही. हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आम्हालाही हे प्रकरण गळ्यात पडेपर्यंत ठाऊक नव्हते.

या दारातून न जाता थेट कोर्टात गेलो तर काय होते, तेही पाहावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप खाते बंद झालेल्या याचिकाकर्त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. त्यावरच त्यांचा दवाखान्याचा आणि रुग्णांचा संपर्क होता. न्यायालयाने विचारले, व्हॉट्सअ‍ॅप वापरणे हा मूलभूत हक्क कसा? खासगी कंपनीविरुद्ध अशी थेट याचिका कशी चालेल? शेवटी याचिका मागे घ्यावी लागली, दुसरे कायदेशीर मार्ग मोकळे राहिले. म्हणून आधी कंपनीचे अपील, मग तक्रार अधिकारी, मग समिती. प्रत्येक पायरीची तारीख आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवावा. पुढे कोर्टात जायची वेळ आलीच तर तीच वही कामी येते.

आणि अर्जाची भाषा? आम्ही पोरांचा पहिला मसुदा वाचला तेव्हा त्यात दीड पान गाऱ्हाणे होते आणि खात्याचे नाव मात्र कुठेच नव्हते. खात्याचे नाव, जोडलेला ईमेल आणि मोबाइल, बंद झाल्याची तारीख, आलेल्या संदेशाचा स्क्रीनशॉट, चूक झाली असेल तर ती कशी झाली, आणि मागणी काय, एवढे दहा ओळींत बसते. आपली चूक असेल तर सरळ कबूल करावी.

'कंपनीतला माणूस' सांगणाऱ्याला मात्र दारातूनच सलाम करावा. त्याला पैसे हवे असतात, त्याहून जास्त ओटीपी हवा असतो. आमच्याकडच्या त्या इसमानेही ३००० रुपयांआधी ओटीपीच मागितला होता.

राहिली तयारी. मशीद कमिटी असो, शाळा असो, बचत गट असो, संस्थेचे खाते एकाच पोराच्या मोबाइलवर ठेवू नये. दोन-तीन जबाबदार माणसांकडे त्याचा ताबा असावा, ईमेल आणि नंबर चालू असावेत, दुहेरी पडताळणी सुरू असावी. जन्मतारीख चालवणाऱ्या माणसाची, खरी. फोटो आणि मजकुराची प्रत वर्षातून दोनदा उतरवून ठेवावी, ती सोय फेसबुक-इन्स्टाग्रामवर आहे. हे खाते म्हणजे लोकांची अमानत आहे, ती एकाच्या खिशात कशी ठेवायची?

आमच्या मंडळाने आता आणखी एक केले आहे. शिष्यवृत्तीची प्रत्येक सूचना खात्यावर टाकतात आणि तीच कागदावर लिहून शाळेच्या फळ्यावर आणि मदरशाच्या दारावर लावतात. त्या दोन मुलींचे यंदाचे अर्ज पहिल्याच आठवड्यात भरून झाले.