जुन्या कटरची वाकडी पट्टी

लाकडाच्या वखारीत यंत्राचा दोष प्रथम मालात दिसतो. सागवानाची कड कापून निघते ती काळपट, जळक्या वासाची. तिच्यावर दातांचे अर्धगोल ओरखडे उमटलेले असतात. सकाळी चार इंचांवर बांधून काढलेल्या पट्ट्या आणि दुपारी पुन्हा चार इंचांवरच बांधून काढलेल्या पट्ट्या शेजारी ठेवल्या की जुळत नाहीत. मग गादीवरून विचारणा होते. मिस्त्री पाते बोथट झाल्याचे सांगतो, पाते धार लावायला जाते आणि चार दिवसांनी कडा पुन्हा जळू लागतात. पाते बदलून पाहिले जाते, क्वचित मिस्त्रीही बदलून पाहिला जातो. ज्या लोखंडी गाईडला टेकवून लाकूड पुढे सरकवतात, त्या गाईडकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते.

गोल पात्याच्या कटरवर, म्हणजेच टेबल सॉवर, या गाईडपट्टीचे काम एवढेच की लाकडाला पात्याशी समांतर वाट द्यावी. ती मागच्या टोकाला पात्याकडे झुकलेली असेल, तर लाकूड जसजसे पुढे जाते तसतशी त्याची वाट अरुंद होत जाते. पुढून पाहिले तर पात्याचे पुढचे दात लाकूड खाली टेबलावर दाबतात. मागचे दात मात्र टेबलातून वर येत असतात. गाईड आणि पाते यांच्या चिमट्यात सापडलेले लाकूड हे मागचे दात उचलतात आणि चालवणाऱ्याच्या अंगावर फेकतात. दहा इंची पाते मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दाताचा वेग सेकंदाला सुमारे ४० मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटरहून अधिक होतो. लाकूड अंगावर आले की पुढे रेटणारा हात आधार सुटून पात्याकडे जातो. जळकी कड ही अशा अपघाताची आगाऊ सूचना असते, म्हणून ती रंध्याखाली घालून साफ केली की काम भागले, असे समजणे धोक्याचे आहे.

रंध्याचाही हिशेब आहेच. चार इंच म्हणजे ३२ सूत. प्रत्येक पट्टीची जळकी कड काढण्यात एक सूत गेले, तरी तीन टक्क्यांहून अधिक माल भुशात जातो. घनफुटाच्या भावाने घेतलेल्या सागवानाच्या बाबतीत हा आकडा वर्षभराच्या खरेदीला लावून पाहावा. गाईडच्या दुरुस्तीला खर्च फार येतो म्हणणाऱ्या मालकाला एवढे गणित पुरेसे ठरावे.

तपासणीचा क्रम महत्त्वाचा, आणि बहुतेक ठिकाणी चूक इथेच होते. प्रथम वीज तोडावी. केवळ बटण बंद करून भागत नाही, मुख्य जोडणीच काढावी. त्यानंतर गाईडला हात न लावता पाते पाहावे. टेबलावर पात्याच्या शेजारी जी लांब खाच असते, ती येथे प्रमाण मानायची. पात्याच्या एका दातावर खडूने खूण करावी, तो दात पुढे आणून खाचेपासूनचे अंतर मोजावे, मग पाते हाताने फिरवून तोच दात मागे न्यावा आणि पुन्हा मोजावे. तोच दात यासाठी, की पात्यात थोडा बाक असला तरी तो दोन्ही मापांत सारखाच येतो. टेपने पुढचा एक दात आणि मागचा दुसराच दात मोजण्याची पद्धत सर्रास आहे. तिने पात्याचा बाक गाईडच्या माथी मारला जातो. डायल गेज असल्यास उत्तम, नसल्यास चांगला गुण्या आणि त्याची सरकती पट्टी यांवरही काम होते.

दोन मापांत फरक आला तर दोष टेबलाखाली आहे. काही यंत्रांत पात्याचा दांडा धरणारी ओतीव बैठक टेबलालाच बोल्टने लटकलेली असते. तेव्हा बोल्ट सैल करून, एक मात्र थोडा आवळलेला ठेवून, बैठक लाकडी हातोड्याने हलकेच सरकवतात. पेटीसारख्या जड यंत्रांत बैठक पेटीला जोडलेली असते, तेथे टेबल सरकवावे लागते. ज्या कटरच्या टेबलाला खाचच नाही, तेथे त्याच खूण केलेल्या दातापासून थेट गाईडपर्यंत माप घ्यावे. मात्र टेबल सॉला खाच असताना हा आडमार्ग घेऊ नये. पाते तिरपे राहिले आणि गाईड त्याच्याशी जुळवली, तर आडवे काप बिघडतात आणि घोळ दुप्पट होतो.

आता गाईडची पाळी. ती खाचेच्या काठावर आणून कुलूप आवळावे आणि पुढे-मागे बोटाने चाचपून, मग फीलर गेजने अंतर पाहावे. गाईड पूर्ण समांतर ठेवावी की मागे किंचित उघडी, यावर जाणत्यांत मतभेद आहेत. मागे कागदाच्या एका पानाइतकी मोकळीक ठेवण्यास हरकत नाही. आत झुकलेली मात्र कोणालाच चालत नाही.

याच टप्प्यावर दुरुस्ती की बदल, हा निर्णय व्हायला हवा. गाईड दहा वेळा सोडावी, दहा वेळा आवळावी आणि दर वेळी मागच्या टोकाचे माप लिहून ठेवावे. दहाही मापांत सारखाच फरक असेल, तर गाईड निरोगी आहे. तिच्या डोक्यावरचे बोल्ट सैल करून, खाचेशी जुळवून पुन्हा आवळले की पुरे. फरक दर वेळी निराळा येत असेल, तर प्रकरण वेगळे. रोकडीत रोज ठरावीक रक्कम कमी पडत असेल तर कुठेतरी एक नोंद चुकलेली असते. रोज निराळी रक्कम कमी पडली तर मुनीमजींना दुसराच संशय येतो. हे तसेच आहे.

बदलत्या फरकाचीही कारणे आधी शोधावीत. पुढच्या-मागच्या आडव्या रुळांवर डिंक आणि भुसा घट्ट बसलेला असतो. तो रॉकेलने पुसून रुळांना मेण लावले, तर कित्येक गाईड सुधारतात. रुळावर मार बसून उठलेला खडा कानसीने सपाट करता येतो. गाईडचा दर्शनी भाग झिजून खोलगट झाला असेल, तर त्यावर सरळ प्लायवुडची पट्टी बसवून मागे कागदाच्या घड्या देऊन ती ओळंब्यात आणता येते. पण कुलपाची कळ झिजून सैल झाली असेल, किंवा पुढून आणि मागून अशा दोन्ही टोकांना पकडणाऱ्या जुन्या धाटणीच्या गाईडमध्ये मागची पकड आवळताना पट्टी ओढली जात असेल, तर तेथे वेळ घालवू नये.

बदलायची म्हटले की नवे यंत्रच घ्यावे, असा सल्ला विक्रेता देईल. जुन्या ओतीव लोखंडाचे टेबल सपाट आणि दांडा निर्दोष असेल, तर तसे करण्याचे कारण नाही. अमेरिकेत बिल बीझमायर यांनी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची जी गाईड रूढ केली, ती फक्त पुढच्या एका रुळावर बसते. तिचे रुंद डोके रुळाला टेकले की लांब पट्टी आपोआप काटकोनात येते, मागच्या पकडीची कटकटच उरत नाही. जुन्या यंत्रांवर अशा गाईड बसवण्याचा तेथे स्वतंत्र धंदाच उभा राहिला. आपल्याकडे फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड अँगल आणि चौकोनी पाइप यांची अशीच गाईड करून घेता येते. एवढीच काळजी घ्यावी, की वेल्डिंगच्या उष्णतेने पाइप ओढला जातो. म्हणून वेल्डिंग पूर्ण थंड होऊ द्यावे, मग पाइपला सरळ दर्शनी फळी बोल्टने जोडावी आणि शेवटचा काटकोन डोक्यातील स्क्रूंनी साधावा. वेल्डरच्या गुण्यावर विसंबू नये.

भरीव सागवान उभे चिरणाऱ्यांनी आणखी एक सोय करून घ्यावी. आतला ताण सुटल्यावर काही फळ्या चिरताना उमलतात आणि लांब गाईडवर रेटल्या जातात. गाईडवर एक आखूड जोडपट्टी लावून ती पात्याच्या मध्याच्या आसपास संपवली, की उमललेल्या लाकडाला बाजूला सरकायला जागा मिळते. युरोपातील यंत्रांवर ही रीत नित्याची आहे. पात्यामागची उभी सुरक्षापट्टी काढून कोपऱ्यात टाकलेली असेल, तर तीही त्याच दिवशी परत बसवावी. कापलेली फट मिटू न देण्याचे काम तिचे आहे.

नव्या गाईडवर पहिला काप टाकाऊ फळीचा घ्यावा, पात्याच्या रेषेत उभे न राहता. आणि दहा मापांचा तो कागद तारीख घालून यंत्राच्या दाराला आतून चिकटवावा. पुढच्या वेळी कड जळली, तर पाते धारेला पाठवण्याआधी मिस्त्री आणि मालक दोघांनी मिळून तो पाहायचा आहे.