गरम पाण्याच्या गावातली सुट्टी आणि तुमची बीपीची गोळी

गेल्या वर्षी मी आणि माझी पत्नी आठ दिवस बल्गेरियातल्या हिसार्या या गावी राहून आलो. हे ऐकल्यावर पेशंट्सचे दोन प्रश्न ठरलेले असतात. "डॉक्टर, त्या पाण्याने गुडघे बरे होतात का हो?" आणि "तिथे गोळ्या बंद करता येतात का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांब आहे. दुसऱ्याचे एका शब्दात: नाही.

हिसार्या प्लॉवदिव्ह शहरापासून साधारण ४० किलोमीटरवर, स्रेद्ना गोरा डोंगरांच्या पायथ्याशी आहे. रोमन लोकांनी इथल्या गरम झऱ्यांभोवती शहर वसवले आणि डायोक्लिशियन या सम्राटाचे नाव त्याला दिले. त्यांची विटा-दगडांची तटबंदी आजही उभी आहे. बागांमधून सार्वजनिक नळ आहेत. लोक बाटल्या घेऊन येतात, कोमट पाणी भरतात, बाकावर गप्पा मारतात. कुणालाच घाई नसते.

आता गुडघ्यांबद्दल. मानेपर्यंत पाण्यात उभे राहिलात, की पायांवर शरीराच्या वजनाचा जेमतेम दहावा भाग येतो. उबेमुळे आखडलेले स्नायू सैल होतात. त्यामुळे झिजलेल्या गुडघ्याचे दुखणे काही दिवस, कधी काही आठवडे कमी होते. हा आराम खरा आहे. पण झिजलेली कूर्चा त्याने भरून येत नाही.

हिसार्याचे पाणी मूतखड्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे माणूस दिवसभर थोडे थोडे पाणी पितो. भरपूर पाण्याने लघवी पातळ राहते आणि नवा खडा होण्याची शक्यता कमी होते. माझ्या मते यातले बरेचसे श्रेय पाण्याच्या प्रमाणाला आहे, आणि तेवढे पाणी तुम्ही घरीही पिऊ शकता. मात्र हृदय किंवा किडनी कमजोर असल्याने ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी कुठल्याही झऱ्याचे पाणी 'औषध' म्हणून ढोसू नये. पायांवर सूज येते, दम लागतो.

आणि बीपी? गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात आणि बीपी उतरते. त्यात पुरेशी झोप, रोजचे चालणे, ऑफिसचा फोन नाही. मशीनवर १२० बाय ८० दिसले, की माणसाला वाटते आपण बरे झालो आणि गोळी सुटते. घरी परतल्यावर बीपी गुपचूप पुन्हा चढते. त्याचे लक्षण जाणवेलच असे नाही आणि पहिली जाणीव कधीकधी थेट पक्षाघाताची असते. म्हणून सांगतो, गोळी बॅगेत न्या आणि वेळेवर घ्या. चक्कर येत असेल तर डोस बदलायचा निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या.

पाण्यात उतरताना एवढे पाळा:

१. एका वेळी १५ ते २० मिनिटे पुरेत. बाहेर येताना कठडा धरून हळू या. मी स्वतः तिसऱ्या दिवशी पाऊण तास डुंबलो आणि झटकन उठलो. डोळ्यांपुढे अंधारी आली, पत्नीने धरले म्हणून पडलो नाही.
२. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी असेल, तर पाणी किती गरम आहे हे दुसऱ्याला बघायला सांगा. पाय भाजला तरी तुम्हाला कळणार नाही.
३. भरल्या पोटी किंवा मद्य घेऊन उतरू नका. तिथली 'राकिया' नावाची दारू बरीच कडक असते.
४. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, ताप असेल, उघडी जखम असेल किंवा तुम्ही गरोदर असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

वज्रेश्वरीच्या कुंडात उतरणाऱ्यांनाही हेच नियम लागू आहेत.

मग एवढ्या लांब जायचे कशाला? आपण सात दिवसांत पाच शहरे 'कव्हर' करतो आणि परतल्यावर थकवा घालवायला पुन्हा रजा टाकतो. हिसार्यात मी काहीच कव्हर केले नाही. सकाळी तटबंदीभोवती फेरी, दुपारी डुलकी, संध्याकाळी बाकावर पत्नीशी गप्पा. शांत झोप लागली. माझ्या दृष्टीने खरा गुण या संथ दिनक्रमाचा होता. परवडत असेल तर जरूर जा, पण आरामासाठी जा. आजारावरचे उपचार मात्र चालूच ठेवा.