सैन्य परतलं, हिशेब राहिला

भारतीय शांतिसेनेची शेवटची तुकडी २४ मार्च १९९० रोजी श्रीलंकेतून निघाली. सुमारे १२०० जवान गमावून सैन्य परत येत होतं आणि तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी त्याच्या स्वागताला गेले नाहीत, इतकं हे युद्ध नकोसं झालेलं होतं. पुढे निवृत्त सेनापतींनी, राजनैतिक अधिकाऱ्यांनी पुस्तकं लिहिली. गुप्तवार्ता अपुरी होती, दिल्लीचे हुकूम धड नव्हते, असं बरंच काही त्यांत आहे. ही चर्चा व्हायलाच हवी. पण ती 'आपलं काय चुकलं, आपलं किती गेलं' यापलीकडे क्वचितच जाते. जाफन्यातल्या बाईचं काय गेलं?

२९ जुलै १९८७ च्या करारानंतर हे सैन्य तिथल्या तमिळ जनतेच्या रक्षणासाठी म्हणून गेलं. ऑक्टोबरात तेच जाफन्यावर तोफा डागत होतं. २१ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, जवान जाफना रुग्णालयात घुसले. डॉक्टर, परिचारिका, रुग्ण धरून ६० हून अधिक माणसं मेली. दोन्हीकडच्या गोळीबारात ती सापडली, असं भारतीय बाजूने सांगितलं गेलं. वाचलेले कर्मचारी वेगळंच सांगतात.

शत्रू गणवेशात नसला की प्रत्येक घर संशयित ठरतं. लष्करी भाषेत याला वेढा आणि झडती म्हणायचं. घरातल्या बाईच्या लेखी त्याचा अर्थ म्हणजे दारात बंदूकधारी परके पुरुष, नवऱ्याला किंवा पोराला ओळख पटवायला नेलेलं, आणि मागे ती एकटी. जाफना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. रजनी तिरणगम यांनी अशा बायकांना भेटून बलात्कारांच्या हकिगती नोंदवल्या. 'द ब्रोकन पामायरा' या पुस्तकात त्या आहेत. युद्धनीतीचा फेरविचार करणाऱ्यांनी आधी ते पुस्तक उघडावं.

'सैन्य परत बोलवा' ही मागणी बरोबरच होती. बट्टिकलोआच्या अन्नै पूपति या आईने युद्धबंदी आणि वाटाघाटींसाठी उपोषण केलं आणि महिन्याभराने, १९ एप्रिल १९८८ ला, प्राण सोडला. भारत सरकार हललं नाही. (वाघांनी मग तिला आपली हुतात्मा करून टाकलं. बाई मेल्यावर तिचे मालक लगेच उभे राहतात!) १९८९ मध्ये खुद्द श्रीलंकेचे अध्यक्ष प्रेमदासा 'निघा' म्हणाले, डिसेंबरात दिल्लीत सरकार बदललं, आणि मग माघारीला वेग आला.

पण निघतानाही कुणाला विचारलं? त्याच वर्षी भारताच्या पाठिंब्याने ईशान्य प्रांतात 'तमिळ राष्ट्रीय सेना' उभी करण्यात आली. तिच्यासाठी रस्त्यांवरून, घरांतून कोवळी पोरं जबरदस्तीने उचलली गेली. आमचं सैन्य जसं मागे सरलं तशी ती वाघांच्या तावडीत सापडली. कितीतरी मारली गेली. चढाईत ज्या आयांना कुणी मोजलं नाही, त्यांना माघारीतही मोजलं नाही.

रजनी मात्र शांतिसेना, वाघ, श्रीलंका सरकार, कुणालाच सोडत नव्हत्या. २१ सप्टेंबर १९८९ ला विद्यापीठातून सायकलवर घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या. हे काम वाघांचं, असं त्यांचे सहकारी सांगत आले आहेत.

कोलंबोजवळ शांतिसेनेचं स्मारक आहे. एप्रिल २०२५ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिलं. मेलेल्या जवानांच्या बायका-मुलांचा तेवढा हक्क आहेच. मराठा लाइट इन्फंट्रीच्या तुकड्याही तिथे लढल्या होत्या. जाफना रुग्णालयात दर २१ ऑक्टोबरला मेलेल्या सहकाऱ्यांची आठवण ठेवली जाते. रुग्णालयातल्या गोळीबाराची कागदपत्रं भारत सरकारने खुली करावीत, बलात्काराच्या किती तक्रारी आल्या, किती प्रकरणं लष्करी न्यायालयात गेली, काय शिक्षा झाल्या, हे जाहीर करावं. ही मागणी जाफन्यातल्या बायकांनी एकट्याने किती वर्षं करायची? सैन्य आपलं होतं, तेव्हा ती इथल्या स्त्री-संघटनांनी दिल्लीत लावून धरायला हवी.